छातीवरची जागा रिकामी झाली तो शुक्रवार

२२ ऑगस्ट २०२५. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक बुधवारी लोकसभेत, गुरुवारी राज्यसभेत मंजूर झालं आणि शुक्रवारी त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली. पैसे लावून खेळायच्या ॲपवर बंदी आली. त्यांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आमच्याकडे एका कबड्डी संघाच्या प्रायोजकत्वाचं काम होतं आणि त्या संघाच्या जर्सीच्या छातीवर अशाच एका ॲपचं नाव होतं. प्रो कबड्डीचा बारावा हंगाम २९ तारखेला विशाखापट्टणमला सुरू होणार होता.

छातीवरच्या जागेचं महत्त्व समजायला कबड्डी संघाची कमाई कशी उभी राहते ते बघावं लागतं. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या प्रक्षेपण हक्कांचे ४८,३९० कोटी आले आणि त्यातला मोठा वाटा संघांना मिळतो, त्यामुळे तिथे एखादा प्रायोजक गेला तरी संघाचं घर चालतं. कबड्डीत हा मध्यवर्ती वाटा त्या मानाने फार छोटा. शिवाय त्या हंगामाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चारच शहरांत होते. म्हणजे मुंबई-पुण्याच्या संघांना घरच्या मैदानावरची तिकीटविक्री शून्य. उरतात प्रायोजक, थोडीफार जर्सीविक्री आणि जिंकलात तर बक्षिसाची रक्कम. प्रायोजकांमध्येही सगळ्यात महाग जागा छातीची, मग पाठ, मग बाही, मग शॉर्ट्स. छाती गेली की ताळेबंदाचा पायाच हलतो.

सकाळी पहिलं काम वकिलांचं होतं, लोगो काढण्याचं नव्हे. कायद्यावर सही झालेली असली तरी केंद्र सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून तो लागू होणार, असं त्यातच लिहिलेलं होतं. आमच्या करारात 'कायद्यातील बदल' असं कलम होतं, पण बदल कधी झाला म्हणायचं, कायदा मंजूर झाला तेव्हा की लागू झाला तेव्हा, हे लिहिलेलं नव्हतं. हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महागडा आहे. आपण आधी लोगो उतरवला तर प्रायोजक म्हणू शकतो की करार तुम्ही मोडलात, आधीचे पैसे परत करा. प्रायोजकाने स्वतः 'काढा' म्हटलं तर तोवर दिलेल्या सेवेचे पैसे आपल्याकडे राहतात. म्हणून लेखी सूचना येईपर्यंत एकही फाइल हलवायची नाही, आणि नवीन काही छापायचं किंवा टाकायचं नाही, असं ठरलं. दुपारी दीडच्या सुमारास त्यांचा मेल आला: सर्व जागांवरून नाव तात्काळ काढावं. पुढच्या हप्त्याबद्दल अवाक्षर नाही. पण आम्हाला हवं होतं ते पहिलं वाक्य मिळालं होतं.

मग खरी धावपळ. कागदावर प्रायोजकत्व म्हणजे एक रक्कम असते. प्रत्यक्षात ते पंचवीस-तीस वेगवेगळ्या ठिकाणी चिकटलेलं असतं आणि प्रत्येक ठिकाणाहून निघायचा वेळ आणि खर्च वेगळा. मॅटभोवतीच्या एलईडी पट्ट्यांचं काम सगळ्यात सोपं: दहा-दहा सेकंदांच्या फाइलींची माळ फिरत असते, त्यातली एक बदलायची. मात्र ती यंत्रणा लीगच्या ताब्यात असते, म्हणून नवी फाइल त्यांच्या मापात आणि त्यांच्या मुदतीत पाठवावी लागते. मुलाखतीमागचा फ्लेक्स रात्रीत छापून होतो. ओळखपत्रांच्या फिती नवीन मागवायला तीन-चार दिवस. दुकानात विकायच्या जर्स्या गोदामातच थांबवल्या, कारण कायद्यात 'जाहिरात' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद आहे की तोच लोगो असलेली जर्सी विकणं कुणालाही परवडलं नसतं.

लोक विसरतात ती जागा म्हणजे जुने व्हिडिओ. हंगामाआधी केलेल्या प्रोमोमध्ये प्रत्येक खेळाडू तोच लोगो घालून उड्या मारतोय. स्थिर फोटोतून लोगो पुसणं सोपं. पण धावणाऱ्या, वळणाऱ्या माणसाच्या अंगावरच्या कापडाला सुरकुत्या पडतात, हात आडवे येतात, त्यामुळे एकेक फ्रेम हाताने साफ करावी लागते. तीस सेकंदांचा व्हिडिओ म्हणजे पंचवीसच्या गतीने साडेसातशे फ्रेम. आम्ही चेहऱ्याचे क्लोजअप ठेवून बाकीचं कापलं आणि आवाजपट्टी तशीच ठेवली. सोशल मीडियावरच्या जुन्या पोस्ट उडवण्याऐवजी लपवल्या. काय, कधी आणि किती वेळ दाखवलं याचा पुरावा हिशोबाच्या वेळी लागतो.

सगळ्यात अवघड ठरली खुद्द जर्सी. हल्लीच्या जर्स्यांवर सब्लिमेशन प्रिंट असतं. साधारण २०० अंश तापमानाला शाईची वाफ होते आणि ती पॉलिएस्टरच्या धाग्यातच मुरते. लोगो कापडावर बसवलेला नसतो, तो कापडाचाच भाग झालेला असतो, म्हणून तो खरवडता येत नाही. नवीन जर्स्या तमिळनाडूतल्या तिरुपूरहून छापून, शिवून, पोचवायला दहा-बारा दिवस लागतात. वेळ नव्हता, म्हणजे वर पट्टी चिकटवणं हाच मार्ग. परळच्या हीट प्रेसवाल्या (गरम दाबयंत्राने पट्टी चिकटवणाऱ्या) काकांनी पहिला नमुना हातात घेऊन सांगितलं, "साहेब, साधा पांढरा लावू नका. उद्यापर्यंत गुलाबी पडेल."

आणि तो पडलाच. पट्टी दाबताना १५० अंशांची उष्णता दिली की खालची लाल शाई पुन्हा वाफ होते आणि वरच्या पांढऱ्या पट्टीत शिरते. दुसऱ्या दिवशी दुपारी टेबलावरच्या नमुन्यात जुन्या नावाची अक्षरं फिकट गुलाबी रंगात वर आली होती. टीव्हीच्या दिव्यांत ती स्वच्छ वाचता आली असती. उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र वापरावे लागतात: मागे शाई अडवणारा करड्या रंगाचा ब्लॉकर थर असलेली पट्टी आणि १३० अंशांच्या आसपास बसणारा गोंद. पण कमी उष्णतेवर बसलेली पट्टी क्रिकेटमध्ये टिकते, कबड्डीत नाही. इथे सात जण एकाला धरून ओढतात आणि तो छातीवर मॅटवर घसरत मध्यरेषेकडे जातो. कडा उचकटतातच. म्हणून चारही बाजूंनी शिलाई, कोपरे गोल (चौकोनी कोपरा आधी उचकटतो) आणि शिलाई अंगाला घासू नये म्हणून आतून पातळ अस्तर. २२ खेळाडू, प्रत्येकी मॅचच्या चार जर्स्या. एका जर्सीला प्रेस, शिलाई आणि अस्तर धरून पंचवीस मिनिटं. तीन शिलाई मशीनवर काम चालू ठेवून ते आटपलं, आणि सरावाचे टी-शर्ट सरळ साधे घेतले.

पैशाच्या बाजूला आणखी एक गाठ होती. प्रायोजकत्वावरचा १८ टक्के जीएसटी पूर्वी पैसे देणारी कंपनी स्वतः भरायची. १६ जानेवारी २०२५ पासून संघ चालवणारी कंपनीच तो बिलात लावून भरते. आगाऊ हप्त्यावरचा कर आम्ही भरून बसलो होतो. न दिलेल्या सेवेपुरती क्रेडिट नोट (आधीच्या बिलाची रक्कम आणि कर कमी करणारा कागद) काढायची, तर दिलेली सेवा किती हे आधी दोघांनी मान्य करायला हवं. इथे लपवून ठेवलेल्या पोस्टची नोंद कामी आली. हंगाम सुरू झाला नसला तरी संघाच्या घोषणेपासूनचं सगळं प्रदर्शन तारीखवार हातात होतं, आणि त्यावर वाद झाला नाही.

आता रिकामी जागा विकायची. भारतीय क्रिकेट संघाबाबत त्याच काळात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ड्रीम इलेव्हन या अशाच ॲपने तीन वर्षांचा ३५८ कोटींचा करार मध्येच सोडला, ९ सप्टेंबरला सुरू झालेल्या आशिया कपमध्ये संघ प्रायोजकाविना खेळला, आणि आठवड्याभरात अपोलो टायर्सने ५७९ कोटी देऊन जागा घेतली. तो बाजारच वेगळा, तिथे विकणारा एकटा असतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला तारीख माहीत होती आणि तो निम्म्याच्या खालूनच बोलायला सुरुवात करत होता.

अशा वेळी पूर्ण हंगाम पडत्या भावात विकणं हा सगळ्यात वाईट व्यवहार, असं माझं ठाम मत आहे. एकदा कमी आकडा छापला गेला की पुढच्या वर्षी प्रत्येक खरेदीदार तिथूनच सुरुवात करतो. आम्ही जागाच तोडून विकली: पहिल्या शहरापुरती छाती एकाला, पुढच्या शहरांसाठी वेगळी बोली. दर काढताना आधीच्या हंगामाचे सामने लावून लोगो स्पष्ट वाचता येतो ते सेकंद मोजले. चढाईचं मुख्य चित्र बाजूने टिपलेलं असतं, त्यामुळे चढाईपटूची छाती कमी आणि बाही-मांडी जास्त दिसते. छाती दिसते ती क्लोजअप, रिप्ले आणि सामन्यानंतरच्या मुलाखतीत. हे आकडे समोर ठेवले तेव्हा एका सळईच्या कंपनीने पहिल्या शहरापुरती छाती आणि सगळ्या शहरांसाठी बाही अशी जोडी घेतली. तिचा माल जिल्ह्याजिल्ह्यात जातो आणि तिथे कबड्डी बघणारा माणूसच घर बांधत असतो. सरासरी दर जुन्या कराराच्या खाली राहिला, पण छातीचा दर कागदावर पडला नाही.

२०२० मध्ये आयपीएलचा मुख्य प्रायोजक असलेल्या विवो या मोबाइल कंपनीने त्या वर्षाची आयपीएल सोडली तेव्हाही असाच धक्का बसला होता, आणि त्या वेळी २२२ कोटींत जागा भरली ती पैसे लावून खेळायच्या ॲपच्याच क्षेत्रातल्या कंपनीने, म्हणजे ड्रीम इलेव्हनने. २०२३ च्या ऑक्टोबरपासून या ॲपवर लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तेव्हाच बाजाराने सावध व्हायला हवं होतं. पण हप्ते वेळेवर येत होते.

त्यानंतरच्या प्रत्येक करारात आम्ही तीन गोष्टी घालतो. कायद्यातील बदल म्हणजे राष्ट्रपतींची सही, अधिसूचना नव्हे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी किमान साठ टक्के रक्कम जमा. आणि एकाच क्षेत्रातून संघाच्या प्रायोजकत्वाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त पैसा नाही, मग ते क्षेत्र कितीही उदार असो. चौथी गोष्ट करारात नाही, ती तिरुपूरच्या ऑर्डरमध्ये आहे: छाती सब्लिमेशनमध्ये कोरी छापून घ्यायची आणि लोगो नंतर वरून लावायचा. जर्सीमागे खर्च थोडा वाढतो. काकांच्या प्रेसवर जुनं नाव उतरवून नवं चढवायला आता पाच मिनिटं लागतात.