उतारावरची पडझड

रविवार, जूनचा दुसरा आठवडा. मुलुंड पश्चिम.

राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराला लागून असलेल्या आमच्या सोसायटीच्या मागच्या उतारावर आज सकाळपासून पडझड आवरण्याचे काम चालले होते. मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून मानली जाते. मात्र फांद्या मोडण्याचे काम बहुधा त्याआधीच वळवाचा वारा उरकून टाकतो. यंदाही गुलमोहराची एक मोठी फांदी कोसळली होती आणि सुबाभळीचे शेंडे व पर्जन्यवृक्षाच्या वाळक्या काटक्या उतारभर विखुरल्या होत्या. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तो झपाट्याने वाढतो, फुलतोही देखणा, पण त्याचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असतात. मे 2021 मधल्या तौक्ते वादळात शहरभर झाडे उन्मळलेली पाहिल्यानंतर तरी तो इमारतीलगत लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

जमिनीवर पडलेल्या फांदीपेक्षा अर्धवट मोडून वर अडकलेली फांदी अधिक धोक्याची असते. दोन खोडांमध्ये वाकून ताणलेल्या अशा फांदीला बाहेरच्या बाजूने थेट करवत लावली, तर ताण एकदम सुटून ती उसळते आणि अंगावर येते. म्हणून माळीकाकांनी आधी आतल्या, दबलेल्या बाजूला उथळ खाच घेतली आणि मग ताणलेल्या बाजूने थोडे थोडे कापत आणले. खोडावर उरलेला खुंट कापतानाही त्यांनी फांदीच्या मुळाशी असलेली फुगीर कड राखली, कारण झाड आपली जखम त्या कडेपासूनच झाकत आणते. पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी तो काठीने चाळवण्याचा त्यांचा दंडक आहे. घोणस तिथे पडून असली, तर डोळ्यांना दिसतच नाही.

दुपारी सेक्रेटरी येऊन पाहून गेले. सगळा कचरा टेम्पोत भरून उतार स्वच्छ करावा, असे त्यांचे म्हणणे होते. मी त्यांना आदराने, पण स्पष्ट नकार दिला. ज्या शहरात एका पावसाळ्यात सरासरी 2,000 मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे उघडा केलेला उतार गटारात वाहून जायला वेळ लागत नाही. त्यामुळे जाडे ओंडके आम्ही उताराला आडवे टाकून खुंट्या ठोकून अडवले, म्हणजे त्यांच्यामागे माती साचेल. बारीक डहाळ्या कोयत्याने तोडून खताच्या खड्ड्यात ओल्या कचऱ्याच्या थरांमध्ये घातल्या. झाडांखालचा पाचोळा मात्र जिथल्या तिथे राहू दिला. पायवाट, पन्हळी आणि गटाराचे तोंड एवढेच पूर्ण मोकळे केले. पन्हळीत अडकलेला पाचोळा डासांना आमंत्रण देतो, त्याबाबतीत सेक्रेटरींचे अगदी बरोबर होते. पाचोळा जाळण्याची सूचनाही एका शेजाऱ्यांनी केली. तिला कोणीच दुजोरा दिला नाही, हे बरे झाले.

कोपऱ्यातला वाळलेला गुलमोहर अद्याप उभाच आहे. महाराष्ट्रात नागरी भागातील झाडांसाठी 1975 चा कायदा आहे आणि त्यानुसार मेलेले झाड तोडण्यासाठीही परवानगी लागते, म्हणून महापालिकेकडे अर्ज करण्याचे ठरले. माझी इच्छा अशी की, वरचा धोकादायक भाग उतरवून खालचे खोड राहू द्यावे. तांबट पक्षी अशा कुजक्या लाकडातच घरट्यासाठी भोक पाडतो आणि शहरात त्याला तसे लाकूड सहसा मिळत नाही. ते खोड रस्त्यापासून आणि मुलांच्या खेळाच्या जागेपासूनही दूर आहे.

उरली ती घाणेरी. वरवर छाटली की ती दुप्पट जोमाने फुटते, म्हणून आज तिला हात लावला नाही. दोनचार चांगल्या सरी पडून माती मऊ झाली की ती मुळासकट उपटायची, तीही फळे पिकण्यापूर्वी, कारण एकदा बुलबुलांनी ती खाल्ली की बिया सगळ्या डोंगरभर जातात. उपटलेली झुडपे मुळे वर करून खडकावर वाळत घालायची, नाहीतर ओल्या मातीत ती पुन्हा रुजतात. पुढच्या रविवारी गमबूट घालून यायला माळीकाकांनी सांगितले आहे.