कॅसेट क्र. १८, बाजू ब : जात्याची घरघर आणि काळी खिडकी

मंडळी, सहा आठवडे काही लिहिलं नाही, कारण दाखवण्यासारखं काही नव्हतं. ४१ कॅसेटींपैकी १७ संगणकात उतरल्या होत्या खऱ्या, पण प्रत्येक बाजूची एक अख्खी वेव्ह फाइल, एवढंच. त्यातल्या ओव्या सुट्या करायचं काम रखडलं होतं. ते आता मार्गी लागलंय.

नव्यांसाठी थोडक्यात : १९८७ साली मामाने माणदेशातल्या घरी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या. साधा मोनो टेपरेकॉर्डर, साठ मिनिटांच्या कॅसेटी. मी त्या ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओत उतरवून घेते. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे एक बाजू ३०० एमबीच्या पुढे जाते.

आतापर्यंत सगळं ऑडॅसिटीत (आवाज आलेखात दाखवून कापू देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालायचं. झूम करा, सरकवा, ऐका, लेबल लावा, पुन्हा सरकवा. एका बाजूला एक संध्याकाळ जायची आणि दहाव्या कॅसेटपर्यंत मनगट कुरकुरायला लागलं. एफएफएमपेग (लेखी आज्ञांवर चालणारा आवाज-व्हिडिओचा प्रोग्रॅम) वापर असं मला कुणीकुणी सांगून पाहिलं होतं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. आवाज डोळ्यांनी बघायचा असतो, काळ्या खिडकीत (टर्मिनलमध्ये, जिथे आज्ञा टाइप करायच्या) काय दिसणार? पण मनगटापुढे तत्त्व टिकेना.

एफएफएमपेगमध्ये सायलेन्सडिटेक्ट नावाचं फिल्टर आहे. किती डेसिबलच्या खालचा आवाज शांतता धरायचा आणि ती किमान किती सेकंद टिकली पाहिजे, हे दोन आकडे द्यायचे. प्रत्येक शांततेची सुरुवात आणि शेवट ते सेकंदांत छापतं. मी उत्साहाने उणे ५० डीबी दिलं. एकही शांतता सापडली नाही. टेपचा हिस्स (सततची सूं सूं) त्याच्या वरच असतो हे लक्षातच आलं नव्हतं. उणे ३० दिलं, तर आजीने श्वास घेतला तरी तुकडा.

खरा घोळ जात्याचा. आजी जात्यात वैरण (मूठभर दाणे) घालायला थांबते तेव्हा गाणं थांबतं, जातं नाही. आपल्या कानाला ती फट स्पष्ट कळते, पण यंत्राच्या लेखी घरघर म्हणजे आवाजच. उपाय शेवटी एका शब्दाचा निघाला : सायलेन्सडिटेक्टच्या आधी हायपास फिल्टर, ३०० हर्ट्झवर. खालची घरघर बरीचशी गाळली जाते (पूर्ण नाही, दगडावर दगडाची खरखर वरही पसरलेली असते) आणि उरलेल्यात फटी दिसायला लागतात. हे गाळणं फक्त शोधापुरतं. कापायची मूळ फाइलच, जात्यासकट. जातं काढून टाकलेली ओवी मला नकोय. आकडे शेवटी उणे ३५ डीबी आणि दीड सेकंदावर स्थिरावले. अर्ध्या तासाच्या बाजूला चार-पाच सेकंद लागतात.

आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. ऑडॅसिटी लेबलांची साधी टेक्स्ट फाइल आयात करते. एका ओळीत सुरुवातीचा सेकंद, टॅब, शेवटचा सेकंद, टॅब, नाव. बस. म्हणजे सायलेन्सडिटेक्टची बडबड ऑकमधून (मजकुराच्या ओळी-रकाने चाळणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममधून) काढायची, त्यातला पाचवा रकाना उचलायचा, एका शांततेचा शेवट ते पुढच्या शांततेची सुरुवात अशी एकेक ओळ छापायची, आणि ती फाइल ऑडॅसिटीत आयात करायची. आवाजाच्या आलेखाखाली सगळी लेबलं ओळीने उभी! मग मी फक्त नजर फिरवते, दोन-तीन कडा माउसने सरकवते, चुकीचं लेबल उडवते. संध्याकाळभराचं काम वीस मिनिटांवर आलं. (ऑक १९७७चं. आजीच्या कॅसेटींपेक्षा दहा वर्षांनी थोरलं आणि तिच्यासारखंच कमी शब्दांत काम उरकणारं.)

एक ठेच सांगते, म्हणजे तुम्हाला लागणार नाही. सुरुवातीला ऑकच्या हाती काहीच लागत नव्हतं, पडद्यावर मात्र ओळी धावताना दिसत होत्या. एफएफएमपेग आपली सगळी बडबड चुकांसाठीच्या वाटेने बाहेर टाकतं आणि पाइपमधून (एका प्रोग्रॅमचा मजकूर दुसऱ्याला पोचवणाऱ्या नळीतून) जाते ती दुसरी वाट. दोन्ही वाटा एकत्र वळवल्या आणि काम झालं.

दुसरी ठेच जास्त लागली. दुरुस्त लेबलं परत टेक्स्टमध्ये काढून, व्हाइल लूपने (ओळी संपेपर्यंत तेच काम फिरून करणाऱ्या आज्ञेने) एकेक ओळ वाचत मी फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी केलेल्या फाइलींचे) तुकडे कापते. ऑडॅसिटीतूनही सगळे तुकडे एका दमात निघतात, पण मला प्रत्येक फाइलमध्ये कॅसेटचा क्रमांक आणि बाजू टॅग म्हणून हवी असते. लूप चालवला तर पहिली ओवी नीट, मग मधल्या ओळी गायब, आणि एका नावाची पहिली दोन अक्षरं खाल्लेली. अक्षरं कोण खातंय ते शोधण्यात रविवार गेला. एफएफएमपेग चालू असताना कीबोर्डकडे कान लावून असतं, आणि लूपमध्ये कीबोर्डच्या जागी माझी लेबलांची फाइल होती. ते ती गिळत होतं. ‘नोएसटीडीइन’ हा पर्याय जोडला आणि थांबलं.

देवनागरी नावांचा त्रास आहेच. टर्मिनल चौकटीत अक्षरं बसवतं, त्यामुळे जोडाक्षरं फाटतात, कर्सर भलतीकडे उभा राहतो. पण टाइप करतंय कोण? मी केडीई (लिनक्सवरचा डेस्कटॉप) वापरते. त्यातल्या डॉल्फिनमध्ये (फाइली बघायच्या खिडकीत) एफ४ दाबलं की फोल्डरच्या खालीच टर्मिनल उघडतं आणि वर फोल्डर बदलला की खालचंही त्याच्यामागे जातं. फाइल ओढून टर्मिनलवर सोडली, ‘लोकेशन पेस्ट करा’ म्हटलं, की मधल्या स्पेससकट पत्ता बरोबर उतरतो. नाव वाचायचं वरच्या खिडकीत, वापरायचं खालच्या. निव्वळ टर्मिनलवर जगणाऱ्यांना हे भेसळीचं वाटेल, वाटू दे.

१८वीच्या बाजू ब मध्ये यंत्राने १४ तुकडे दाखवले. आजी मात्र ‘पहिली माझी ओवी, दुसरी माझी ओवी’ असं मोजत गाते आणि अकरावर थांबते. म्हणजे तीन जास्तीचे. एक होता कोंबड्याचा, दुसरा रेकॉर्डरच्या बटणाचा खटका. तिसरा चार सेकंदांचा. डिलीट दाबायच्या आधी सवयीने ऐकला. ओवी अर्धी सोडून आजी आत हाक मारतेय, ‘अगं, दूध बघ.’ हाक बहुधा आईलाच. तो तुकडा ठेवला. लेबलात ‘दूध’ लिहिलंय, ओवीचा क्रमांक दिला नाही, त्यामुळे लूप त्याला वेगळ्या फोल्डरात टाकतो.

१९वीचा फीत टेपरेकॉर्डरच्या हेडवर दाबून धरणारा पॅड गळलाय. आधी तो बदलायचा.