जुडीची कोशिंबीर

आपल्याकडे आधी कोशिंबीर होते आणि शेवटी तिच्यावर कोथिंबीर भुरभुरली जाते. लेबनॉनच्या तब्बूलेत मात्र भुरभुरण्याचा पालाच कोशिंबीर होतो. बेका खोऱ्यातल्या झाहले गावी जेवायला गेलो असता यजमानांच्या आजींनी ओट्यावर कोथिंबिरीसारख्या दिसणाऱ्या पार्सलीच्या सहा जुड्या मांडल्या, तेव्हा पंगत मोठी असावी असे मला वाटले. माणसे पाचच होती. शेजारी गव्हाचे बुर्घुल होते, तेही जेमतेम मूठभर.

बुर्घुल म्हणजे उकडून, वाळवून भरडलेला गहू. आपला लापशी रवा कच्च्या गव्हाचा असतो. हा आधीच शिजलेला असल्यामुळे चुलीवर चढवावा लागत नाही. आजींनी तो पाण्यातही भिजवला नाही, टोमॅटोच्या आणि लिंबाच्या रसातच फुगू दिला. मी एकदा घरी वाटीभर लापशी रवा शिजवून हाच पदार्थ केला होता आणि पाहुण्यांनी उपमा छान झाल्याचे सांगितले होते; ते मी आजींना सांगितले नाही.

खरी परीक्षा पाल्याची. धुतलेल्या जुड्या फडक्यावर पूर्ण सुकवलेल्या होत्या, कारण ओल्या पाल्यावर सुरी चालवली की त्याचा लगदा होतो. आजी जुडी मुठीत घट्ट आवळून, अगदी बारीक काप करीत मूठ मागे सरकवत होत्या आणि एकदा चिरलेल्यावर पुन्हा सुरी फिरवत नव्हत्या. तसे केल्यास पाने चेचतात, काळवंडतात. मी मिक्सरचा विषय काढला, तेव्हा त्यांनी उत्तर न देता अंगठ्याने सुरीची धार तपासली.

जुलैचा पहिला शनिवार होता. 2001 पासून लेबनॉनमध्ये हा तब्बूलेचा दिवस म्हणून साजरा होतो. आजींच्या घरी त्याचे विशेष कौतुक दिसले नाही. पुदिना, कांद्याची पात, मीठ, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल हे सारे त्यांनी सगळे बसल्यावरच कालवले, कारण थांबले की पाणी सुटते, हे आपल्या काकडीच्या कोशिंबिरीला जसे लागू तसेच इथेही. काठाला लेट्यूसची कोवळी पाने खोचली होती. मी काटा उचलला, तो नातवाने हसत बाजूला ठेवला आणि पानाचा छोटा द्रोण करून त्यात तब्बूले कसे उचलायचे ते दाखवले. ‘सहतेन’, आजी म्हणाल्या. म्हणजे खाणाऱ्याला दुप्पट आरोग्य लाभो. पहिल्या घासाला लिंबू झोंबले, मग पुदिना आला, आणि बुर्घुलचा दाणा दाताखाली अगदी अधूनमधून लागला, इतका की तो शोधावासा वाटावा.

शेवटी वाडग्याच्या तळाशी टोमॅटोचा गुलाबी, आंबट रस उरला. नातवाने सरळ वाडगाच तोंडाला लावला. आजींनी डोळे वटारले, आणि मी, घरी कोशिंबिरीची वाटी अशीच रिकामी करणारा, आपल्याला कधी विचारतात याची वाट पाहत बसलो.