काटा लाल पट्ट्यात होता

आज रात्रीच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या मागे लावलेल्या आग विझवायच्या सिलिंडरकडे सहज लक्ष गेलं. काटा हिरव्याऐवजी लाल पट्ट्यात, म्हणजे आतला दाबच उतरलेला. मागच्या संकटकालीन दाराला दोन पोती टेकवलेली. काळजात धस्स झालं. कंडक्टरदादांना सांगितलं, त्यांनी पोती लगेच हलवली. सिलिंडरचं मात्र 'डेपोत सांगतो' एवढंच. उतरताना मी पुन्हा आठवण केली.

छोटा सिलिंडर भरलेला असला तरी काही सेकंदच चालतो. पिन काढायची आणि फवारा ज्वाळांवर नाही, आगीच्या बुडाशी मारायचा. तेवढ्यात विझली नाही तर सरळ बाहेर पडायचं. धूर वर साचतो, म्हणून वाकून. खिडकी फोडायची हातोडी काचेच्या मधोमध नाही, कोपऱ्यात मारायची. बॅग काढत बसू नका हो, मागच्यांची वाट अडते.

आणि पेट्रोलची बाटली, गॅसची शेगडी, फुगलेली पॉवर बँक घेऊन कृपा करून बसमध्ये चढू नका. माझ्या पुढच्या सीटवर एक बाळ आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. मी सगळा प्रवास त्या दाराकडेच बघत होतो.