तुम्ही विचारलंत म्हणून: एक पांढरा ठिपका

“लेसर, भिंगं आणि केऑस वापरून फोटो कुलूपबंद करायचं एवढं भारी काम, मध्येच का सोडलंस?” नौपाड्यातल्या टपरीपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत हा प्रश्न पाठ सोडत नाही. घाबरून सोडलं नाही. म्हणजे, थोडं घाबरूनही.

रेफ्रेजिए आणि जाविदी यांची 1995ची दोन मास्कवाली पद्धत मी घेतली होती: मास्क म्हणजे प्रकाशाची तीव्रता तशीच ठेवून त्याच्या लाटा जागोजागी पुढेमागे करणारी काच. एक मास्क फोटोला लागून, दुसरा दोन भिंगांच्या मधोमध. दोन्ही मास्क लॉजिस्टिक मॅपमधून काढलेले: एका आकड्यावरून पुढचा, त्यावरून पुढचा काढत जाणारं केऑसचं साधं सूत्र. सुरुवातीचा आकडा हीच कुलपाची किल्ली. तो दहाव्या दशांशस्थळी चुकला, तरी तीस-पस्तीस पायऱ्यांत सगळं भलतीकडे जातं आणि फोटोऐवजी नुसत्या मुंग्या दिसतात. हे दाखवणारा आलेख मी ज्याला त्याला दाखवत सुटलो होतो.

वाशीतल्या एका कॉलेजात सादरीकरण होतं. परीक्षक बाईंनी तो आलेख पाहिला, मान डोलावली आणि म्हणाल्या, “आता पूर्ण काळा फोटो घ्या. मधोमध एकच पांढरा ठिपका. हा लॉक करून द्या बरं.” दिला. बाहेर आलेल्या मुंग्यांवर त्यांनी एकदा फूरिए ट्रान्सफॉर्म (भिंग प्रकाशाचं जे करतं, तेच गणितात) चालवलं आणि स्क्रीनवर माझा दुसरा मास्क उघडा पडला. एका ठिपक्याचा प्रकाश भिंगापलीकडे सगळीकडे सारखाच पसरतो. त्यावर उमटणार तो फक्त मास्क. मग त्याच मास्कने त्यांनी माझा तलावपाळीचा फोटो उघडला. होड्या, कठडा, सगळं. पहिल्या मास्कची गरजच पडली नाही, कारण नुसती प्रकाशाची तीव्रता पाहायची तर तो आपोआप गळतो. आणि माझा तो दहा दशांशांचा आकडा? बाईंनी विचारलासुद्धा नाही.

तेव्हाचा मी अजून भांडतो: प्रत्येक फोटोला नवा मास्क काढायचा होतास! बरोबर आहे. पण मग दर वेळी नवा आकडा समोरच्याला गुपचूप पोचवायचा. ते जमत असेल, तर साध्या एईएसने, म्हणजे संगणकावरच्या रोजच्या वापरातल्या कुलपाने, काय घोडं मारलंय?

आणि हो, सगळे निकाल मॅटलॅब या गणिताच्या सॉफ्टवेअरमधले होते. पदरमोड करून घेतलेली भिंगं टेबलावर फक्त दाखवण्यापुरती. तरी मॅटलॅब जे रांगत रांगत मोजतं, ते भिंग प्रकाश आरपार जाईपर्यंत उरकतं, हे कुणी हसण्यावारी नेलं की मला अजून राग येतो.

ती भिंगं कपाटात आहेत. ओएलएक्सवर दोनदा टाकली. दोन्ही वेळा जाहिरात मीच काढली.