कवितेतली सतार

शाळेच्या वाचनतासासाठी मी केशवसुतांची ‘सतारीचे बोल’ निवडली, कारण कवीचे मालगुंड आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातले आणि पुस्तकात आधी वाद्ये शोधण्याची मला खोड आहे. खिन्न मनाने रात्री भटकणाऱ्या माणसाला खिडकीतून येणारी सतार प्रथम नकोशी वाटते, मग हळूहळू शांत करते; ‘दिड दा’ हे बोल कवितेच्या लयीतच वाजत राहतात आणि ती लय मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. वाडीतल्या भजनात मी पेटीची साथ करतो; पखवाज चढ्या लयीत गेला की आधी भात्यावरचा डावा हात अडखळतो, बोटे नंतर. मला संगीत विशारद व्हायचे आहे. घरच्यांचा कल अर्थातच अभियांत्रिकीकडे. तूर्त बारावीपर्यंत पेटी बंद न ठेवण्यावर तह झाला आहे.