खोली आधी मिनिटांत मोजा, मग भाड्यात

खोलीच्या जाहिरातीत 'कॉलेजपासून सहा किलोमीटर' असं लिहिलेलं असतं. मोठ्या शहरात या आकड्याला फारसा अर्थ नाही. अंतर मिनिटांत मोजायचं, आणि तेही तुमचा पहिला तास असतो त्या वेळेला, कामाच्या दिवशी. रविवारी दुपारी वीस मिनिटांत होणारा प्रवास सोमवारी सकाळी पन्नास मिनिटं खाऊ शकतो. मोजताना खोलीच्या दारापासून वर्गाच्या दारापर्यंत मोजा: थांब्यापर्यंतचं चालणं, वाट बघणं, वाहन बदलणं आणि फाटकातून आत गेल्यावरची पायपीट, सगळं धरून. जाताना 45 आणि येताना 45 मिनिटं लागली, तर पाच दिवसांत साडेसात तास गेले. 20 मिनिटांची वाट असेल तर तीन तास वीस मिनिटं. स्वस्त खोलीत वाचलेले पैसे या चार तासांशी ताडून बघा.

वेळेइतकंच वाहन किती वेळा बदलावं लागतं हेही बघा. दोनदा बदलून तीस मिनिटांत पोचण्यापेक्षा थेट चाळीस मिनिटांचा प्रवास माझ्या मते केव्हाही बरा, कारण पहिली गाडी पाच मिनिटं उशिरा आली की पुढची चुकते, आणि ती अर्ध्या तासाने एकदाच असेल तर तासही बुडतो. ग्रंथालय किंवा प्रयोगशाळा बंद झाल्यावर घरी जायला शेवटचं वाहन कितीला आहे, हे बहुतेकांना खोली घेतल्यानंतर कळतं.

म्हणूनच शक्य असेल तर आधी आठ-दहा दिवसांची तात्पुरती सोय करून या आणि खोली शहरात पोचल्यावर शोधा. न बघितलेल्या खोलीसाठी पैसे पाठवू नका. फसवणुकीची तऱ्हा ठरलेली असते: भाडं आजूबाजूपेक्षा बरंच कमी, मालक परगावी, किल्ली कुरिअरने येणार आणि 'आजच डिपॉझिट भरा, मागे अजून दोघं आहेत' अशी घाई.

खोली दोनदा बघा, एकदा उजेडी आणि एकदा रात्री. नळ आणि शॉवर एकाच वेळी सोडा, पाण्याचा जोर तेव्हाच कळतो. फ्लश ओढा. गरम पाणी यायला किती वेळ लागतो ते बघा. कपाटामागे हात फिरवा. चारपैकी एकाच भिंतीला ताजा रंग असेल तर त्याखाली ओल असण्याची शक्यता मोठी. टेबल जिथे ठेवणार त्या कोपऱ्यात, दार-खिडक्या लावून फोन करून बघा. सोबत चार्जर न्या आणि प्रत्येक प्लगला लावा. कुलपाच्या किल्ल्या किती आणि कोणाकोणाकडे, हे विचारायला लाजू नका.

ताबा घेताना सामान आत नेण्याआधी रिकाम्या खोलीचा व्हिडिओ काढा: भिंती, फरशी, गादीचे डाग, आणि मीटरचं रीडिंग आकडे वाचता येतील असं. त्याच दिवशी तो मालकाला ईमेल करा. नुसता फोनमध्ये ठेवलात तर फोनबरोबर हरवेल, ईमेलवर मात्र तारीख पडते आणि प्रत दोघांकडे राहते. डिपॉझिटवरून होणारे बरेच वाद 'हे आधीपासून होतं की नव्हतं' इथेच अडतात. करारात डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, कशाकशाचे पैसे कापणार आणि सोडण्याआधी किती दिवस कळवायचं, हे लेखी हवं. चौघांत मिळून घर घेताना जबाबदारी संयुक्त आहे का, ते वाचा. तशी असेल तर एक जण मध्येच निघून गेला की त्याचं भाडंही उरलेल्यांच्या माथी येतं.

पहिल्या रात्री झोप लागली नाही म्हणून खोलीला नावं ठेवू नका. ब्राऊन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा एक अर्धगोल दुसऱ्यापेक्षा सावध झोपतो. महत्त्वाची कामं दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवू नका, इतकंच.

रस्ते शिकायचे तर फोनमधला नकाशा आपल्याबरोबर फिरू देऊ नका. उत्तर दिशा कायम वर राहील असं सेटिंग करा. निघण्याआधी वाट बघून घ्या, मग फोन खिशात, आणि परतताना दुसऱ्या रस्त्याने या. नदी, रेल्वेमार्ग किंवा मोठा रस्ता असा एक कणा धरा आणि प्रत्येक ठिकाण त्याच्या कुठल्या बाजूला ते लक्षात ठेवा. भुयारी स्थानकात बाहेर पडायच्या दाराचा क्रमांक माहीत हवा. चुकीच्या दाराने वर आलात तर रस्ता ओलांडण्यातच दहा मिनिटं जातात.

माणसं जोडण्याचाही हिशेब तासांचाच आहे. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नव्या ठिकाणी आलेल्यांना विचारून अंदाज काढला: ओळखीतून जुजबी मैत्री व्हायला साधारण 50 तास, मैत्री व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 हून अधिक. आठवड्याला दोनच तास भेट होत असेल तर पहिल्या पायरीलाच पंचवीस आठवडे लागतील. त्यामुळे एकदाच होणाऱ्या ओळख-मेळाव्यांपेक्षा दर आठवड्याला तीच माणसं भेटतील असं काहीतरी धरा: नाटकाचा गट, खेळाचा सराव, अभ्यासाचं ठरलेलं टेबल. आणि ते सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांतच. त्यानंतर गट जमून गेलेले असतात.